न कळणाऱ्या मॅडम

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आजवर जेवढी माणसं नोकरीला लागली, त्यांत जिचं बोलणं एकाही श्रोत्याला पहिल्या फटक्यात कळलं नाही अशी एकच व्यक्ती होऊन गेली, आणि कॉलेजने नेमकं तिलाच मुलांना संवादकौशल्य शिकवायला ठेवलं होतं. यामागे कुणाची विनोदबुद्धी होती की निव्वळ घाई, हे मला अजून उमगलेलं नाही. मी मेकॅनिकलला यंत्ररचना शिकवतो. साताऱ्याहून बोईसरला आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. यंत्रांचा माणूस, त्यामुळे एक कळ दाबली की एकच गोष्ट व्हावी अशी माझी माफक अपेक्षा असते. संवादकौशल्य आणि मानव्यविद्या, म्हणजे मुलांच्या भाषेत 'फालतू दोन विषय', शिकवणाऱ्या या मॅडमचं टेबल स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाला लागून होतं, आणि सहा वर्षांत त्यांच्या कुठल्या कळीने काय होतं याचा मला पत्ता लागला नाही.

त्या समुद्रकाठच्या चिंचणीच्या. घरची वाडी, नारळ, चिकू, थोडी फुलझाडं. तिथून त्या रोज एसटीने बोईसरला येत, पुढे रिक्षाने कॉलेजला. शरीराने बारीक, आवाज खणखणीत, आणि वाक्य सुरू केलं की ते कुठल्या गावाला जाऊन थांबेल हे त्यांनाही ठाऊक नसे. एकदा सकाळी येऊन माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "सर, ते परीक्षेचं... म्हणजे परीक्षेचं नाही तसं, पण मी निघाले तेव्हा शेजारच्या वहिनी चिकू काढत होत्या, त्यांचा धाकटा इलेक्ट्रिकलला आहे ना, त्याच्या मावशीचं लग्न. तर गुरुवारी नको." मी "बरं" म्हटलं. इलेक्ट्रिकलच्या मुलांनाही मी एक विषय शिकवतो, त्यांची गुरुवारची चाचणी पुढे ढकलायची होती हे माझ्या डोक्यात शुक्रवारी शिरलं, तोवर इलेक्ट्रिकलची निम्मी मुलं लग्नाला जाऊन नापास झाली होती. मॅडम रागावल्या नाहीत. "तुम्ही 'बरं' म्हणालात म्हणून मला वाटलं," एवढंच म्हणाल्या.

उशिरा येण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण बाकीचे उशीर झाला की गाडीला, रस्त्याला, मुलाच्या तापाला दोष देतात; मॅडमच्या उशिराला एक अख्खी कथा असे. "बसमध्ये पुढच्या सीटवर नवराबायको भांडत होते हो. दोघांचंही बरोबर वाटत होतं. नक्की कोण चुकतंय ते कळेपर्यंत उतरता येईना." अशा रीतीने त्या एकदा बोईसर सोडून पार पालघरला पोचल्या होत्या. "मग कोण चुकत होतं?" मी विचारलं. त्या बराच विचार करून म्हणाल्या, "पालघरला ते दोघं हसत उतरले. आता काय सांगू?"

वर्ग चुकणं तर नित्याचं. एकदा मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाऐवजी त्या सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात शिरल्या आणि चाळीस मिनिटं शिकवून आल्या. तिकडे काँक्रीटचे सर दाराबाहेर उभे. त्यांना आत बोलावायचं मुलांपैकी कुणाच्या मनात आलं नाही, आणि गंमत म्हणजे सरही नंतर नंतर खिडकीशी सरकून ऐकत राहिले. पुढच्या आठवड्यात त्या वर्गातल्या पोरांनी प्राचार्यांकडे अर्ज दिला की आम्हाला मॅडमचा तास पुन्हा चुकून मिळावा. प्राचार्यांना या अर्जावर काय शेरा मारावा हे सुचेना. तो अर्ज फाइलमध्ये बिनशेऱ्याचाच पडून आहे.

मॅडमच्या हातात कायम एक हिरवं पेन असायचं, आणि त्या पेनाला एकच शब्द येत असे: 'म्हणजे?' मुलाने लिहिलं, 'तंत्रज्ञानामुळे मानवाचा सर्वांगीण विकास झाला आहे', की समासात हिरव्या शाईत 'म्हणजे?'. दहा पानांच्या उत्तरपत्रिकेत वीस-पंचवीस 'म्हणजे?' सहज. पोरं हैराण. एकदा मी वर्कशॉपच्या दारावर नोटीस लावली होती: 'विद्यार्थ्यांनी कार्यशाळेत प्रवेश करतेवेळी विहित सुरक्षा पोशाख परिधान करणे अनिवार्य आहे.' दुसऱ्या दिवशी पाहतो तर 'विहित'खाली हिरवी रेघ आणि पुढे तोच शब्द. मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही, जे त्यांच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी नोटीस बदलली: 'चपला घालून आत येऊ नका. बूट आणि एप्रन हवा.' त्या आठवड्यात प्रथमच सगळी मुलं बूट घालून आली. हा योगायोग असावा असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

परीक्षेत त्यांनी एकदा एकच प्रश्न काढला. 'घरातल्या ज्या माणसाशी तुम्ही सर्वांत कमी बोलता, त्याला तुमची शाखा समजावून सांगा. तो काय म्हणाला ते लिहा.' आणि प्रश्नपत्रिका आठ दिवस आधी मुलांच्या हातात. परीक्षा विभागात हाहाकार झाला. मला ते पेपर तपासून झाल्यावर वाचायला मिळाले, म्हणजे मॅडम माझ्या टेबलावर विसरून गेल्या होत्या. एका मुलाच्या आजोबांनी सगळं इलेक्ट्रॉनिक्स शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग टीव्ही कवा बघायला येशील?" सिव्हिलवाल्याचे वडील म्हणाले, "ते र्‍हाऊ दे, आपली मागची भिंत गळते ती बघ." एकाने लिहिलं होतं, 'मी माझ्या वडिलांशी चार वर्षं बोललो नव्हतो. ते म्हणाले, बस. मग आम्ही बसलो.' उत्तर तिथेच संपलं होतं. या उत्तराच्या समासात हिरवं काही नव्हतं. मार्क किती द्यावेत हेही बहुधा त्यांना ठरवता आलं नसावं, जागा कोरी होती.

"मॅडम, इंग्रजी घ्या जरा," प्राचार्य त्यांना दर महिन्याला सांगत. "मुलाखतीला कंपन्या येतात. मुलांना फाडफाड बोलता आलं पाहिजे."

"हो सर, फाडफाड नंतर येईल. आधी बोलायला तर लागू देत."

"म्हणजे काय करता काय तुम्ही तासाला?"

"मला कळत नाही असं सांगते."

प्राचार्य माझ्याकडे बघत. मी छताकडे बघे.

पण ते अक्षरशः खरं होतं. त्यांच्या तासाचा सगळा ऐवज तोच. मुलाने उभं राहून काही सांगायचं आणि मॅडमनी म्हणायचं, "मला नाही कळलं. परत सांग." त्यात चिडणं नाही, टोमणा नाही, चेहरा असा की खरोखरच काही कळलेलं नाही. इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची हर्षाली नावाची एक मुलगी माझ्याच विभागात होती. वडिलांची होडी, आई मासे विकणारी. गणितात तल्लख, पण वर्गात तोंडातून अक्षर नाही. तिच्या बोलण्याला वसईपलीकडून आलेली पोरं हसत, म्हणून तिने बोलणंच टाकलं होतं. मॅडमनी तिला उभं केलं आणि बोंबील कसे वाळत घालतात ते सांगायला लावलं. मी शेजारच्या वर्गातून उठून त्यांच्या दाराशी उभा राहिलो होतो.

"दांडीवर घालतात," हर्षाली पुटपुटली.

"मला नाही कळलं. कपड्यासारखे?"

"नाय. दोन दोन घालतात."

"दोन कसे? बांधून?"

"बांदत नाय मॅडम. तोंडात तोंड घालतात."

"कुणाच्या तोंडात?"

वर्ग हसला. पाचव्या वेळी "मला नाही कळलं" झाल्यावर हर्षालीचा संयम सुटला. ती बाकातून बाहेर आली, पुढच्या दोन पोरांचे पंजे धरले, बोटं वाकवून एकमेकांत अडकवली आणि ओरडली, "आता हा एक बोंबील, हा दुसरा! याचा जबडा त्याच्या जबड्यात! मधे दांडी! वाऱ्याने पडत नाय! यात न कलण्यासारका काय हाय?" त्यानंतर त्या वर्गात तिला कुणी हसलं नाही. दोन पोरांची बोटं मात्र संध्याकाळपर्यंत दुखत होती.

आता, चिंचणीत जन्म काढलेल्या बाईला बोंबील कसे वाळवतात हे ठाऊक नसेल? मी त्यांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "पाहिलंय हो हजारदा. पण ती सांगत होती त्यातून मला दिसत नव्हतं." हे उत्तर आहे की उत्तर टाळणं, यावर मी बरीच वर्षं विचार करतो आहे.

पुढे जे घडलं त्यात दोष माझाच. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी हर्षालीला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून चिकटवून दिलं. तिथला प्लांट मॅनेजर माझा साताऱ्याचा वर्गमित्र. त्याने तिला साधं काम दिलं होतं: मोठी टाकी धुवायला आत माणूस उतरतो, त्याआधी काय काय बंद करायचं याची जुनी यादी कॉम्प्युटरवर उतरवून काढायची. नवव्या दिवशी त्याचा फोन. "अरे, तुझी पोरगी शिकायला आलीय की चौकशीला? दिवसभर एकच, मला नाय कळलं, मला नाय कळलं. सुपरवायझर वैतागलाय. मी तिला परत पाठवलंय."

मी हर्षालीला झाडलं. "नुसतं हो म्हणायला काय जात होतं तुझं?"

"सर, आमी फक्त विचारला, कुठला चार."

"कसला चार?"

तिने सांगायला सुरुवात केली, पण मी हात वर केला. मला वर्गमित्रापुढे लाज वाटत होती, तीच डोक्यात होती. हर्षाली खिडकीबाहेर बघू लागली. शेजारच्या टेबलावर मॅडम बसल्या होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "सर, आपण जाऊन माफी मागू या का? खोड माझी आहे ना ती."

म्हणून आम्ही तिघं गेलो. गेटवर हेल्मेटं घातली. मॅडमचं उलटं बसलं आणि तसंच राहिलं. वर्गमित्राने चहा मागवला, मी माफी मागितली, त्याने मोठेपणाने "सोड रे" म्हटलं, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण मॅडम म्हणाल्या, "साहेब, ते काम नक्की काय होतं? मला यातलं काही येत नाही."

तो खूष झाला. भिंतीवरच्या नकाशाशी उभा राहून त्याने समजावलं. टाकीत कामाच्या वेळी नायट्रोजन वायू सोडलेला असतो. त्याला वास नाही, रंग नाही, पण त्यात माणूस दोन श्वासांत कोसळतो. म्हणून आधी त्याची लाइन बंद. "चार नंबरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, हवा खेळू द्यायची, मग माणूस उतरवायचा. सोपं आहे." मी मान हलवली.

"मला नाही कळलं," मॅडम म्हणाल्या. "नकाशात ही टाकी एकच आहे, येताना बाहेर दोन दिसल्या."

"दुसरी मागच्या वर्षी बसवली. नकाशा जुना आहे."

"मग दुसरीच्या व्हॉल्व्हना पण नंबर आहेत?"

"असणारच."

"ते कुठल्या आकड्यापासून?"

"एकपास..." वर्गमित्र थांबला. हातातला चहाचा कप त्याने खाली ठेवला, तो बशीत न बसता टेबलावर कलंडला.

"परत सांगा ना," मॅडम म्हणाल्या. आवाजात कसलाही विजय नाही, चेहरा नेहमीसारखाच गोंधळलेला.

त्याने परत सांगितलं नाही. बेल दाबून टाक्या धुवायचं काम बघणाऱ्या जुन्या कामगाराला बोलावलं. उत्तरेकडचा, साठीला आलेला माणूस. "चार नंबर कौन सा बंद करते हो?"

"बोर्ड के पास वाला, साहब. खिड़की वाला नहीं."

"लिस्ट में तो ये लिखा नहीं है."

"लिस्ट में क्या है, हमको थोड़ी पढ़ना आता है. हमको मालूम है ना."

"और तुम नहीं रहोगे तब?"

तो माणूस साहेबाकडे जरा काळजीने बघायला लागला. "परसों से छुट्टी दिया है ना साहब आपने. बिटिया की शादी है. सोमवार को ठेकेदार के लड़के लोग करेंगे सफ़ाई. लिस्ट देख के."

कोपऱ्यात उभी असलेली हर्षाली हळूच म्हणाली, "सर, तेच विचारला मी. कुठला चार."

त्या संध्याकाळीच दोन्ही टाक्यांच्या सगळ्या व्हॉल्व्हना वेगवेगळे नवे नंबर पडले. हर्षालीला दुसऱ्या दिवसापासून परत बोलावलं, आणि वर्गमित्राने सुपरवायझरसमोर तिची माफी मागितली; ती कशी मागितली हे मला तिनेच सांगितलं, चांगली दहा मिनिटं, बारकाव्यांसकट. माफी मागायची माझीही होती. ती मी कॉलेजच्या जिन्यात, पाठमोरा असताना मागितली, आणि हर्षाली म्हणाली, "सर, ऐकू नाय आला." मग वळून परत मागितली.

पण त्या दिवशी कारखान्यातून बाहेर पडल्यावर टपरीवर चहा घेताना मला दुसरंच खात होतं. मी विचारलं, "मॅडम, खरं सांगा, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"काय?"

"ते चार नंबरचं."

"छे हो. मला खरंच काही कळत नव्हतं. मला वाटलं तुम्हाला कळलंय. तुम्ही मान हलवत होतात."

मी चहा प्यायलो. वीस वर्षं यंत्ररचना शिकवणारा माणूस मी. नवी टाकी येताना मलाही दिसली होती, नकाशात ती नाही हेही दिसलं होतं. आणि मी मान हलवली होती, कारण समोरचा मित्र आत्मविश्वासाने बोलत होता आणि चहा निवत होता. त्या आठवड्यात मी वर्गात दोनदा म्हटलं, "कळलं?" मुलांनी एकसाथ माना हलवल्या, आणि मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

एवढं झाल्यावर कॉलेजने मॅडमना डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण कारखान्याने ती गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही, आणि आमच्याकडे त्याच सुमारास नवा अभ्यासक्रम आला. त्यात संवादकौशल्य म्हणजे कॉम्प्युटरवर बघायच्या चित्रफिती, आणि खाली चार पर्यायांतून एक निवडायचा. फितीतला माणूस फार स्वच्छ बोलतो. त्याचं सगळं कळतं. मॅडमचा करार पुढे वाढवायची गरज उरली नाही. मी प्राचार्यांकडे गेलो होतो, नाही असं नाही. त्यांनी विचारलं, "त्यांनी मुलांना नक्की काय शिकवलं ते दोन ओळींत लिहून द्या, मी वर पाठवतो." मी आठ दिवस बसलो. दोन ओळी जमल्या नाहीत. आजही जमत नाहीत, म्हणून हे सगळं इतकं लांबलं.

निरोप समारंभ शुक्रवारी ठेवला होता. मॅडम शनिवारी आल्या. शुक्रवारी पाहुणे येऊन बसलेले, त्यामुळे प्राचार्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून भाषण केलं, शाल खुर्चीच्या पाठीवर घातली, नारळ बसायच्या जागी ठेवला, आणि फोटोसुद्धा काढला. मग हर्षाली उठली. ती तिच्याच बोलीत बोलली, सात-आठ मिनिटं, खुर्चीकडे न बघता आमच्याकडे बघून. सभागृहात कुणी मोबाइल काढला नाही.

शनिवारी कॉलेजला सुट्टी. मी वर्कशॉपच्या कामासाठी आलो होतो. मॅडम नवी साडी नेसून सभागृहाच्या कुलपासमोर उभ्या होत्या. "आज नाही का?" म्हणाल्या. मी सांगितल्यावर कपाळावर हात मारून इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. शाल प्राचार्यांच्या कपाटात, किल्ली कारकुनाकडे, कारकून गावाला. "असू दे, नारळ घरी पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या.

मी त्यांना स्कूटरवरून बोईसरच्या स्टँडवर सोडलं. चिंचणीची बस लागलेलीच होती. "हर्षाली बोलली म्हणे काल," त्या म्हणाल्या. "काय बोलली?"

मला सगळं आठवत होतं, शब्द न् शब्द. पण सांगायला गेलो तर तोंडातून एवढंच निघालं, "चांगलं बोलली. खूप चांगलं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, वाट बघत. कंडक्टरने घंटी दिली. त्या चढल्या.

बस वळली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून जोरात हलवला, पण पलीकडच्या बाजूच्या खिडकीतून. तिकडे रिकामी टोपली घेऊन एक मासेवाली उभी होती. ती जरा बुचकळ्यात पडली, मग तिनेही हसून हात हलवला. मीही इकडून हलवत होतो, बस तारापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत.